पैलवानाचे दुसरे नाव

वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात वसलेले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाते. या गावाचा जावई लग्नाआधीच आखाड्यात नाव कमावून बसला होता. कंसाने धनुर्यागाच्या निमित्ताने मथुरेत आखाडा भरवला आणि त्यात चाणूर व मुष्टिक हे दोन नामांकित मल्ल उतरवले, अशी भागवतातली कथा आहे. चाणूराशी कृष्ण लढला, मुष्टिकाशी बलराम. मुष्टिक म्हणजे मुठीने लढणारा. पाळण्यात ठेवलेल्या नावापेक्षा लढण्याच्या रीतीवरून लोकांनी पाडलेल्या नावासारखेच ते दिसते. कुस्ती संपली तेव्हा कृष्णाच्या अनेक नावांत चाणूरमर्दन या नावाची भर पडली होती. एका नावात लढण्याची पद्धत आहे, दुसऱ्यात कोणाला हरवले याची नोंद आहे. पुढच्या काळातली आखाड्यातली बहुतेक नावे याच दोन वाटांनी आलेली आहेत.

अमरावती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात, तिसरी वाट सापडते. अज्ञातवासात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावाने राहिला आणि तिथल्या उत्सवात जीमूत नावाच्या मल्लाला त्याने याच नावाने पाडले. खरे नाव झाकून दुसऱ्या नावाने आखाड्यात उतरलेला हा बहुधा आपल्या परंपरेतला पहिला पैलवान. पुढे त्याने द्रौपदीच्या वाटेला गेलेल्या कीचकाला मारले. स्थानिक समजुतीप्रमाणे हा प्रसंग चिखलदऱ्यावर घडला. भीमाने कीचकाला ज्या दरीत लोटले ती कीचकदरा, आणि त्यावरून चिखलदरा. जवळच्या उंच टोकाला वैराट म्हणतात आणि भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवले जाते. दंतकथा म्हणून हे सारे बाजूला ठेवता येईल, पण वऱ्हाडातल्या माणसांनी एका झुंजीवरून डोंगराचे नाव लावले, ही गोष्ट उरतेच.

धंद्यातले शब्द मात्र निरनिराळ्या भाषांतून आले. ‘मल्ल’ संस्कृत. ‘पैलवान’ फारसीतला, तिकडे त्याचा अर्थ वीर. ‘तालीम’ अरबी, म्हणजे शिक्षण. मराठीत ती शिकण्याची जागा झाली. ‘उस्ताद’चा ‘वस्ताद’ झाला आणि वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला तो ‘पठ्ठा’. मल्लविद्येत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ज्येष्ठीमल्लांचे नाव झिजून ‘जेठी’ झाले आणि तेच जातीचे नाव बनले. हे जेठी बडोद्याच्या गायकवाडांच्या आणि म्हैसूरच्या वडियारांच्या पदरी होते. त्यांचा खास प्रकार वज्रमुष्टी. मुठीत शिंगाचे किंवा हस्तिदंताचे टोकदार आयुध धरून ही झुंज खेळत. म्हैसूरच्या दसऱ्यात ती आजही होते. मुष्टियुद्ध साहेबाने आणले असे म्हणताना या जेठींचा विसर पडू नये.

दुसरे नाव कसे मिळते, याचे तिवस्याच्या माणसाला आखाड्यात न जाताही समजेल असे उदाहरण त्याच्या तालुक्यातच आहे. यावलीत १९०९ मध्ये जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलाला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ म्हटले. पुढे मोझरीच्या गुरुकुंजातून देशभर पोहोचलेल्या याच तुकडोजी महाराजांना राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरवले. पहिले नाव गुरूने मायेने ठेवले, दुसरे देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाने मानाने दिले. मराठीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. पहिले टोपणनाव, दुसरा किताब. पैलवानांच्या बाबतीतही हा फरक धरून चालावे लागते, कारण दोन्ही नावांचे देणारे वेगळे, मिळण्याची वेळ वेगळी आणि टिकण्याची रीतही वेगळी.

पाश्चात्त्य मुष्टियुद्धात टोपणनावांचे पीक अमाप आले. तिथला खेळ तिकिटावर आणि वर्तमानपत्रावर वाढला. लढतीची जाहिरात आठवडे आधी लागायची, रिंगमध्ये निवेदक दोघांची नावे लांबवून पुकारायचा आणि ज्याचे नाव तोंडात बसेल त्याला प्रेक्षक जास्त. सगळ्यात सोपी रीत म्हणजे गावाचे नाव लावणे. जॉन सुलिव्हान ‘बॉस्टन स्ट्राँग बॉय’ होता. कोलोरॅडोतल्या मनासा या लहानशा गावाचा जॅक डेम्प्सी ‘मनासा मॉलर’ झाला, म्हणजे मनासाचा झोडपणारा. गंमत अशी की जॅक हेही त्याचे नाव नव्हते. घरचे नाव विल्यम. एकोणिसाव्या शतकातल्या जॅक डेम्प्सी नावाच्या मुष्टियोद्ध्यावरून त्याने ते घेतले. आणि तो जुना जॅक डेम्प्सी? त्याचे खरे नाव जॉन एडवर्ड केली. उसन्या नावावरून उसने घेतलेल्या या नावाखाली धाकटा डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता राहिला.

शुगर रे रॉबिन्सनची गोष्ट याहून नवलाची. वॉकर स्मिथ हा मुलगा वयाने लहान असल्यामुळे हौशी स्पर्धेत उतरू शकत नव्हता. रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या मुलाचे ओळखपत्र त्याच्या हाती आले, त्यावर तो लढला, जिंकला आणि ते नाव कायमचे त्याचे झाले. त्याचा खेळ साखरेसारखा गोड असल्याचे कोणीतरी म्हटले आणि ‘शुगर’ पुढे जोडले गेले. पुढच्या पिढीतल्या रे लेनर्डचे नाव आईने रे चार्ल्स या गायकावरून ठेवले होते, पण मुष्टियुद्धात आल्यावर ‘शुगर’ त्याच्याकडेही आले. जो फ्रेझरला त्याचा प्रशिक्षक, ठोशांनी हातमोज्यांतून धूर निघाला पाहिजे, असे सांगायचा. त्यावरून तो ‘स्मोकिन जो’. पनामाच्या रॉबर्टो डुरानचे स्पॅनिश टोपणनाव ‘दगडी हातांचा’ असे सांगते. मार्विन हॅगलरला ‘मार्व्हलस’ हे विशेषण पुकारले जावे असा इतका आग्रह होता की १९८२ मध्ये त्याने ते कायदेशीर नावातच घालून घेतले.

या नावांत एक कडवट भागही आहे. जो लुईसला ‘ब्राउन बॉम्बर’ म्हटले गेले. त्या काळातल्या अमेरिकी वर्तमानपत्रांना काळ्या खेळाडूचे कौतुक करतानाही त्याच्या कातडीचा रंग सांगितल्याशिवाय राहवत नव्हते. म्हणूनच कॅशियस क्लेने १९६४ मध्ये मुहम्मद अली हे नाव घेतले तेव्हा तो टोपणनावाचा विषय राहिला नाही. कितीतरी वार्ताहर त्याला जुन्याच नावाने हाक मारत राहिले. त्याचा प्रतिस्पर्धी मुष्टियोद्धा एर्नी टेरेल यानेही तेच केले. १९६७ च्या फेब्रुवारीत दोघे समोरासमोर आले तेव्हा अली एकेक ठोसा मारत त्यालाच विचारत राहिला, की आता माझे नाव काय ते सांग. आपले नाव आपण ठरवायचे की पाहणाऱ्यांनी, या प्रश्नावर रिंगमध्ये झालेली इतकी उघड लढत दुसरी नसेल.

कुस्तीच्या लाल मातीत टोपणनावाची ही घाई नाही. इथे पैलवानाची ओळख गाव, तालीम आणि वस्ताद या तिन्हींनी होते. जोड मैदानात उतरली की पुकारणारा हेच सांगतो, अमक्या गावचा, अमक्या तालमीचा, अमक्या वस्तादांचा पठ्ठा. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावे आडनावासारखी चालतात, पुण्यात गोकुळ वस्ताद तालीम किंवा चिंचेची तालीम. वऱ्हाडातल्या गावोगावच्या दंगलीतही पत्रकावर पैलवानाच्या नावाला लागून गावाचे नाव छापतात, कारण पंचक्रोशीतल्या माणसाला आधी तेच वाचायचे असते. हरला तर गाव हरते, जिंकला तर खांद्यावर गाव घेते. ‘बॉस्टन स्ट्राँग बॉय’ आणि ‘कवठेपिरानचा मारुती माने’ ही दोन नावे वरवर सारखी दिसतात. बॉस्टनचे नाव जाहिरातीला जोर यावा म्हणून लागले होते. सांगली जिल्ह्यातले कवठेपिरान मात्र मानेंच्या मागे उभे होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून ते सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके घेऊन आले, तरी ओळख गावाचीच राहिली.

वय वाढले की या ओळखीत नाते मिसळते. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली आणि सगळ्यांचे ‘मामा’ झाले. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मोहोळही ‘मामासाहेब’च. दहा-बारा वर्षांचे पोर घर सोडून तालमीत राहायला येते तेव्हा त्याला खाऊपिऊ घालणारा, पहाटे उठवणारा आणि आजारपणात उशाशी बसणारा माणूस लागतो. त्याला ‘सर’ म्हणून भागत नाही. मुष्टियुद्धाच्या जगात या जातीची नावे जवळजवळ नाहीत. तालीम घरासारखी चालते म्हणून तिथे नावेही घरची येतात.

अंगकाठी, सवय, धंदा किंवा व्यंग यावरून पडलेली नावे उत्तरेत जास्त. गुलाम मोहम्मद बक्षचा ‘गामा’ झाला तो लाडाने नाव तोडण्याच्या पंजाबी रीतीमुळे. एकोणिसाव्या शतकातला पंजाबी पैलवान किक्करसिंग याने किक्करीचे, म्हणजे आपल्या बाभळीचे, झाड मुळासकट उपटले म्हणून त्याला ते नाव पडले असे सांगतात. बाभळीचे मूळ किती खोल जाते हे वऱ्हाडातल्या कुणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे, तेव्हा अतिशयोक्ती धरली तरी नाव ठेवणाऱ्याला काय म्हणायचे होते ते कळते. हरियाणाचे चंदगीराम शाळेत कला-हस्तकला शिकवत, म्हणून आशियाई सुवर्ण जिंकल्यावरही ते ‘मास्टर’ चंदगीरामच राहिले. दिल्लीच्या बिर्ला आखाड्यातले विजयपाल यादव ‘गुरू हनुमान’ या नावाने इतके ओळखले गेले की मूळ नाव सांगितले तर कुणाला पत्ता लागू नये.

‘गुंगा’ हे नाव दोन पिढ्यांत दोनदा आले. फाळणीपूर्व पंजाबातला एक मोठा पैलवान मुका असल्यामुळे गुंगा पैलवान म्हणून गाजला. आजच्या काळात तेच नाव वीरेंद्रसिंग यादव यांना लागले. कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी २००५, २०१३ आणि २०१७ अशी तीन सुवर्णपदके घेतली आणि त्यांच्यावर ‘गुंगा पैलवान’ याच नावाचा माहितीपटही निघाला. गावाकडे व्यंगावरून हाक मारण्याची सवय क्रूर असते आणि तिचे समर्थन करता येत नाही. वीरेंद्रसिंगांनी तेच नाव घेऊन, कर्णबधिर खेळाडूंना बरोबरीचे बक्षीस आणि मान मिळावा म्हणून सरकारकडे झगडा मांडला, तेव्हा त्या नावाचे वजन बदलले.

मुंबईत मात्र १९५० च्या दशकात पाश्चात्त्य पद्धतीची नावे जोरात आली. तिथे कुस्ती तिकिटावर चालू लागली होती. हंगेरियन वंशाचा अगडबंब एमिल झाया चित्रपटातल्या वानरावरून ‘किंग काँग’ झाला आणि दारासिंगांबरोबरच्या त्याच्या लढतींना स्टेडियम भरू लागले. दारासिंग हेही दीदारसिंगचे आटोपशीर रूप. याच काळात अलिगढची हमीदा बानू पुरुष पैलवानांशी लढत होती. वर्तमानपत्रांनी तिला ‘अलिगढची अ‍ॅमेझॉन’ म्हटले. १९५४ मध्ये बडोद्यात तिने बाबा पैलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केले आणि त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन बाईला हरवले. त्या व्हेराचे टोपणनाव ‘रशियाची अस्वलीण’. ग्रीक दंतकथेतली स्त्रीयोद्धा आणि रशियाचे अस्वल यांची जोड मुंबईत लावण्यामागे तिकीटविक्रीचा हिशोब होताच. तरी बाईने पुरुषांच्या आखाड्यात उतरायला लागणारी छाती हमीदा बानूची स्वतःची होती, आणि तिच्या वाट्याला आलेला विरोधही खराच होता.

खाशाबा जाधवांच्या नावात इंग्रजी वर्तमानपत्र आणि मराठी गाव या दोन्ही रीती एकत्र येतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. पुढच्या, हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या जुलैत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. उंची बेताची आणि चपळाई विजेची, म्हणून इंग्रजी वार्ताहरांनी त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ केले, म्हणजे खिशात मावेल एवढे वीजयंत्र. नाव चपखल आहे, पण गोळेश्वरच्या लोकांना ते लागले नाही. त्यांनी शंभराहून जास्त बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली आणि ‘ऑलिंपिकवीर’ म्हटले. खाशाबांच्या घराचे नावही ‘ऑलिंपिक निवास’. शासनाच्या मानाला मात्र फार वेळ लागला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांहून जास्त काळाने जाहीर झाला, आणि त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरायला त्यानंतरही दोन दशके गेली. ज्याला गावाने त्याच दिवशी नाव दिले, त्याला सरकारी नाव मिळायला इतका उशीर व्हावा ही खेदाची गोष्ट आहे.

किताबांचा इतिहास टोपणनावांपेक्षा नीट लावता येतो. जुना किताब ‘रुस्तुम-ए-हिंद’. रुस्तुम हा फिरदौसीच्या शाहनाम्यातला इराणी महावीर, म्हणजे पैलवान या शब्दाचाच मूळपुरुष म्हणावा असा. गामाने १९१० मध्ये लंडनला झ्बिश्को या पोलंडच्या मल्लाशी अडीच तासांहून अधिक काळ बरोबरीत झुंज दिली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला झ्बिश्को आलाच नाही आणि गामाला जॉन बुल पट्टा मिळाला. परत आल्यावर रहीमबक्ष सुलतानीवालाला हरवून तो रुस्तुम-ए-हिंद झाला. १९२८ मध्ये पतियाळात तोच झ्बिश्को पुन्हा समोर आला तेव्हा एक मिनिटही टिकला नाही. मग गामा ‘रुस्तुम-ए-जमाँ’, साऱ्या जगाचा रुस्तुम. हे किताब संस्थानिकांच्या आश्रयाने आणि जमलेल्या जनसमुदायाच्या साक्षीने चालत. त्यांची नोंदवही नव्हती, तरी खोटा रुस्तुम टिकत नसे, कारण आव्हान द्यायला कुणीतरी उभे राहायचेच. महाराष्ट्रात हे वातावरण शाहू महाराजांनी कोल्हापुरात घडवले. रोममधला आखाडा पाहून आल्यावर त्यांनी खासबागचे मैदान बांधायला घेतले आणि १९१२ मध्ये ते खुले झाले. उत्तरेचे नावाजलेले पैलवान तिथे येऊन लढले. ‘पंजाबी’ हा शब्द नावाला जोडून कोल्हापूरकरांच्या तोंडी बसला तो तेव्हापासून.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली आणि रुस्तुमाची जागा हळूहळू केसरीने घेतली. केसरी म्हणजे सिंह. मराठी माणसाला हा शब्द टिळकांच्या वर्तमानपत्रामुळे १८८१ पासून ओळखीचा. ‘हिंदकेसरी’ची स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली आणि पहिला मान रामचंद्र बाबू यांना मिळाला. दुसऱ्याच वर्षी दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी बंतासिंगला पाडून तो किताब मराठी मुलखात आणला. खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. त्यांच्यामागून १९६० मध्ये गणपतराव आंदळकर आणि १९६४ मध्ये मारुती माने हिंदकेसरी झाले. तरीही रुस्तुम पूर्ण हटला नाही. बिराजदार १९७२ मध्ये आणि दादू चौगुले १९७३ मध्ये रुस्तुम-ए-हिंद झाले. चौगुल्यांच्या नावापुढे ‘महाराष्ट्र केसरी’, ‘रुस्तुम-ए-हिंद’ आणि ‘महान भारत केसरी’ असे तीन किताब लागत. फारसी आणि संस्कृत शब्द एका माणसाच्या नावात असे शेजारी बसावेत, हे तालमीच्या स्वभावाला धरूनच आहे.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये स्थापन झाली. ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची अधिकृत यादी १९६१ पासून धरतात, म्हणजे राज्य झाल्याच्या पुढच्याच वर्षापासून. पहिले मानकरी दिनकर दह्यारी, लढत औरंगाबादला. स्पर्धेची रचना अशी की माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अखेरच्या दिवशी एकमेकांसमोर येतात. या लढतीला ‘किताबी लढत’ म्हणतात आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते. गदा मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाते. गदा म्हणजे मारुतीचे आणि भीमाचे आयुध. प्रत्येक तालमीत मारुती असतोच, तेव्हा बक्षिसाला दुसरे काही शोभलेही नसते.

मुष्टियुद्धातल्या जगज्जेतेपदाशी तुलना केली की या किताबाचे वेगळेपण दिसते. तिथे पट्टा हरला की पद गेले आणि नावामागे ‘माजी’ लागले. महाराष्ट्र केसरी मात्र आयुष्यभर महाराष्ट्र केसरीच राहतो. चाळीस वर्षांपूर्वी गदा घेतलेला म्हातारा पैलवान यात्रेतल्या मैदानात पाहुणा म्हणून आला तरी ध्वनिक्षेपकावरून त्याच्या नावाआधी किताब पुकारला जातो. लग्नपत्रिकेत, निवडणुकीच्या फलकावर, दुकानाच्या पाटीवरही तो छापला जातो. अंतिम लढत हरणाराही रिकाम्या हाताने जात नाही, तो ‘उपमहाराष्ट्र केसरी’. दोनदा जिंकणारा ‘डबल’, तीनदा जिंकणारा ‘ट्रिपल’. चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ मध्ये लागोपाठ गदा घेतली. नरसिंग यादव २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी २०१४ ते २०१६ असे सलग तीनदा जिंकले. किताबामागे नोकरीही येऊ लागली. विजय चौधरींना पोलीस उपअधीक्षक पद मिळाले ते याच कामगिरीवर. खुराकासाठी शेत विकणाऱ्या बापाच्या दृष्टीने किताबाचा हा अर्थ लहान नाही.

केसरी या शब्दाला अनेक शाखा फुटल्या. विदर्भात ‘विदर्भ केसरी’ची लढत होते, जिल्ह्याजिल्ह्यांच्या नावांनी केसरी आहेत, तालुक्यांचेही आहेत. यात कमीपणा काही नाही. वऱ्हाडातल्या पोराला कोल्हापूर-पुण्याच्या तयारीच्या पैलवानाशी भिडण्याआधी चढायला एखादी पायरी हवी असते, आणि ती या स्थानिक किताबांनी मिळते. पश्चिम महाराष्ट्राएवढ्या जुन्या तालमी आणि साखर कारखान्यांचा आश्रय इकडे नाही. अमरावतीत मात्र अंबादासपंत वैद्य यांनी १९१४ मध्ये उभे केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मंडळाच्या नावातच हनुमान आहे.

किताबाला खरा धोका दुसरीकडून आहे. अलीकडे परिषदेत फूट पडली आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी भरू लागले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेख जिंकला आणि धाराशिवला हर्षवर्धन सदगीर. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. पैलवानांनी घाम दोन्हीकडे तितकाच गाळला, दोष त्यांचा नाही. पण राज्यात सिंह एकच, ही या नावामागची कल्पना. दोन गदा झाल्या की पुढच्या पिढीला यादी वाचताना प्रत्येक नावापाशी खुलासा लागेल. मुष्टियुद्धाचे हेच झाले. चार संघटनांचे चार जगज्जेते एकाच वजनगटात वावरतात आणि सामान्य प्रेक्षकाला खरा कोण हे सांगता येत नाही.

बायकांच्या कुस्तीने भाषेपुढे एक प्रश्न ठेवला. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. केसरी पुल्लिंगी, सिंहाचा वाचक. ‘केसरिणी’ असे नवे रूप कोणी घडवले नाही. ‘महिला’ हा शब्द पुढे जोडला आणि गदा तीच ठेवली. मुलींनी तोच शब्द मागितला आणि तोच घेतला, हे योग्यच झाले.

भारतीय मुष्टियुद्धात टोपणनावे थोडी, कारण इथला खेळ बराच काळ हौशी गटात, सैन्यदल, रेल्वे आणि क्रीडा प्रबोधिन्यांच्या आधाराने वाढला. अकोल्याच्या प्रबोधिनीत घडलेले मुलगे लाल किंवा निळ्या कोपऱ्यातून, संघाचे नाव छातीवर घेऊन उतरतात. तिथे जाहिरातीला जागा नसते. मेरी कोम हा अपवाद, तोही दुहेरी. तिचे जन्मनाव मांगते चुंगनेइजांग. बाहेरच्यांना उच्चारायला सोपे जावे म्हणून तिने मेरी घेतले. २००८ पर्यंत तिची चार जागतिक विजेतेपदे झाली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘मॅग्निफिसंट मेरी’ हे विशेषण दिले. ओळखपत्रावरच्या नावासाठी रॉबिन्सनने जे केले आणि उच्चारासाठी मेरीने जे केले त्यात अंतर बरेच आहे, तरी दोघांनाही स्वतःच्या नावाला बाजूला ठेवावे लागले.

काही नावे आखाडा सोडून भाषेत येऊन राहिली. ताकदीचा आव आणणाऱ्या पोराला ‘मोठा गामा लागून गेलास’ असे म्हटले जाते आणि ते म्हणणाऱ्याला झ्बिश्को ठाऊक असण्याचे कारण नसते. ‘मोठा रुस्तुम आलाय’ हे म्हणतानाही शाहनामा कोणाच्या मनात नसतो. सगळ्यात दूर पोहोचला तो युजेन सँडो. प्रशियात फ्रीडरिश म्युलर म्हणून जन्मलेल्या या बलवानाने रंगमंचासाठी सँडो हे नाव घेतले, १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात खेळ करून गेला आणि त्याची व्यायामपद्धती इथल्या व्यायामशाळांत शिरली. त्याचे आयुष्य, त्याचे खरे नाव, त्याने उचललेली वजने आता फारशी कुणाला आठवत नाहीत. तिवस्याच्या बाजारात बिनबाह्यांची बनियन मागताना गिऱ्हाईक ‘सँडो’ म्हणते आणि दुकानदार माप विचारतो.